खारूताईचे आकडे

१४ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. पाकिटावर दुकानाचा शिक्का आणि चष्म्याचं चित्र असतं, त्यामुळे पोस्टमनने या वेळी विचारलंच, "चष्मा लागला का?" लागलेला नाही. तुम्ही सांगितलेला व्यायाम (खिडकीबाहेर लांब बघायचं, मग नाकाच्या शेंड्याकडे) आठवला तर करते. समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटतं मी त्यांना वेडावते आहे.

मी ठीक आहे. जेवणखाण वेळेवर चालू आहे. घरमालकीणबाईंनी अखेर नळ बदलून दिला, पण नवा नळ उलट्या बाजूला उघडतो, म्हणून रोज सकाळी एकदा भिजायला होतं. शिकायला येणारे आता चार झालेत.

तुम्ही लिहिलंत, "तू नक्की काय करतेस ते मला कळेल अशा भाषेत एकदा लिही, गिऱ्हाइकं विचारतात." गिऱ्हाइकांना तुम्ही 'कॉम्प्युटरवर काम करते' असं सांगता, तेच सांगत राहा. तुमच्यापुरतं लिहिते.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते त्यालाच दिसतात. मधे पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. आपली पाळी आली की तीनच गोष्टी करता येतात. पत्ते टाकून द्यायचे, किंवा समोरच्याने लावलेत तेवढेच लावून पुढे बघायचं, किंवा वाढवायचं. घरी बसून पडद्यावर खेळते, तेव्हा समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि आवाज येत नाही. दिसतं ते एक टोपणनाव.

म्हणून एक सॉफ्टवेअर असतं. मी ज्या टेबलावर बसते तिथला प्रत्येक डाव ते टिपून ठेवतं. तोच माणूस पुन्हा समोर आला की त्याच्या नावाशेजारी बारीक आकडे उमटतात. शंभरातल्या किती डावांत उतरतो, किती वेळा वाढवतो, कुणी मोठी रक्कम लावून दमात घेतलं की किती वेळा माघार घेतो, शेवटपर्यंत किती वेळा चिकटून राहतो. यात चोरी नाही, आमच्या साइटवर परवानगी आहे, आणि तेही मला तसेच बघत असतात. काही हजार डाव झाले की माणूस स्वतःबद्दल काय समजतो ते बाजूला राहतं, काय करतो तेवढं उरतं. तुम्ही गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून काचा बदलत जाता ना, 'हे बरं की ते बरं'? आमचं गिऱ्हाईक उत्तर देत नाही, एवढाच फरक.

शिकणाऱ्यांना घेऊन मी आठवड्यातून तीन दुपारी अगदी खालच्या टेबलांवर बसते. चिल्लरीचा खेळ. त्यांना पहिली गोष्ट शिकवते ती ही, की जो कधी माघार घेत नाही, सगळं शेवटपर्यंत बघत राहतो, त्याला शोधा. आपली मिळकत त्याच्याकडून होते. सॉफ्टवेअर अशा खेळाडूच्या नावापुढे आपोआप एक लाल मासा काढतं.

माझ्या विद्यार्थ्यांत एक दंतवैद्य आहे. हुशार, थोडी उतावळी. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, हिला काय झालं? मासा आलाय नावापुढे. आधी तर दगड होती, हलायचीच नाही."

मी म्हटलं, "सरासरी बघू नकोस, फक्त गेल्या काही महिन्यांचे डाव वेगळे काढ."

तिने काढले. सरासरी फार भिडस्त असते, मधे काही घडलं असेल तर लवकर बोलत नाही. वेगळे काढल्यावर दोन माणसं दिसली. जुनी बाई शंभरातल्या दहा-बारा डावांत उतरायची. पत्ते अव्वल असतील तरच, आणि कुणी जरा वाढवलं की टाकून मोकळी. हलक्या पत्त्यांवर कधी थाप मारली नाही. नवी बाई पत्ते टाकतच नाही. काहीही लावा, ती बघते. शेवटच्या पत्त्यापर्यंत बघते आणि हरते. आणखी एक गोष्ट आहे, ती सॉफ्टवेअर सांगत नाही, मी डोळ्यांनी पाहिली. पूर्वी ती क्षणात ठरवायची, आता प्रत्येक वेळी घड्याळ संपत येईपर्यंत थांबते.

"मग आता हिच्याच टेबलावर बसायचं ना?" दंतवैद्यबाईंनी विचारलं.

मी तिला त्या टेबलावरून उठवलं. कारण विचारलं तर म्हटलं, आज नेट बरं नाही.

बाबा, हे आडवळणाने लिहिते आहे हे मलाही कळतंय. त्या खेळाडूचं टोपणनाव 'खारूताई' आहे. रोमन लिपीत, पण खारूताईच. कप्प्याकप्प्यात रबरबँड आणि औषधांची रिकामी खोकी साठवणाऱ्या बायकोला हे नाव ठेवणारा नवरा जगात एकच असावा.

दीड वर्षापूर्वी ते नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं. मग आकडे जमत गेले. आयुष्यभर इस्पितळाच्या औषधखान्यात डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय जिने गोळी हातावर ठेवली नाही, ती जशी खेळेल तशी ही बाई खेळत होती. मला फोन करायचा राहिला. तिनेही केला नाही. आठवड्यातल्या तीन दुपारी आम्ही एकाच टेबलावर असायचो, एवढंच. तिच्या समोर माझे स्वतःचे आकडे काय आहेत ते विचारू नका. मी तिला एकदाही दमात घेतलेलं नाही, आणि विद्यार्थ्यांपुढे त्याची कारणं देताना माझी बरीच करमणूक झाली आहे.

तर मुद्दा. असा बदल कंटाळ्याने होत नाही. मला वाटतं तिची स्मृती किंवा निर्णय घेण्याची शक्ती कमी होते आहे. ती गॅस चालू विसरते का? तेच तेच विचारते का? तुम्ही रोज बरोबर असता, त्यामुळे तुम्हाला कदाचित दिसत नसेल. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मी पाहिलं असं सांगू नका, तुम्हालाच वाटलं असं सांगा.

हे पत्रही नेहमीप्रमाणे दुकानाच्या पत्त्यावर पाठवते. घरी नेऊ नका.

तुमची,
ठकू

---

२३ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नळाला उलटा उघडतो म्हणून नावं ठेवू नकोस, सवयीने होईल. दुकान बरं चाललंय. गोल काचांची पुन्हा टूम निघाली आहे. पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या फ्रेमी मी 'नवीन माल' म्हणून विकतो आहे आणि पोरं रांग लावून घेतायत.

तू छान समजावलंस. आता गिऱ्हाइकांना सांगायला हरकत नाही, पण नाही सांगणार.

आधी एक गोष्ट. पत्र दुकानावर पाठवायचं आणि ते गुपित राहायचं, हा आपला दोघांचा भोळेपणा होता. दुपारचा डबा घेऊन ती रोज दुकानात यायची आणि मी हात धुवायला मागे गेलो की काउंटरचा खालचा कप्पा उघडायची. तुझं एकेक पत्र तिने वाचलेलं आहे. तुझं खेळातलं नाव, शिकवण्याचे दिवस, सगळं तिला तिथूनच कळलं. मला हे फार उशिरा समजलं. एके दिवशी जेवताना आपणहून म्हणाली, "हिच्या धंद्यात अक्कल लागते हो." मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "तीन दुपारी बसते मी." आणि लगेच पुढे, "पण नोकरी ती नोकरी."

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुला आधीच सांगायला हवी होती.

डिसेंबरात ती अशीच डबा घेऊन आली. मी एका आजोबांना फ्रेम दाखवत होतो. ती काउंटरवरच्या आरशासमोर बसली, फ्रेम लावून बघायच्या त्या. मला वाटलं केस नीट करते आहे. ती आरशावर बोट आपटायला लागली. बघतो तर तोंडाची उजवी बाजू खाली उतरलेली. बोलायला गेली तर नुसता आवाज. तिला सगळं कळत होतं. डाव्या हाताने माझ्या मनगटावरचं घड्याळ ठोकून तिने मला बाहेर पिटाळलं. ते आजोबा बिचारे नव्या चष्म्यासकट रिक्षा थांबवायला धावले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी म्हटलं, मी नाही आणलं, तिने आणलं.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात आणि वाचा गेली. पाय वाचला. चालते. तुला फोन लावायला मी मोबाईल काढला तर तिने त्यावर हात ठेवला. मी म्हटलं, अगं पोरगी आहे. तिने मान हलवली ती हलवतच राहिली. मी ठरवलं, बोलता यायला लागली की तीच बोलेल. मग जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तुला कळवलं नाही ही माझी चूक आहे, तिच्या माथी मारू नकोस.

आता ती काय बोलते ते सांगतो. पहिले सहा आठवडे एकच शब्द होता. 'बघू.' वाचा शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, आयुष्यभर जे जास्त बोललं गेलं ते आधी परत येतं. मी म्हटलं बरोबर आहे. सहलीला जाऊ? बघू. नवे बूट? बघू. तुझं बालपण त्याच शब्दावर निघालं की. आता त्यात 'अहो', 'पाणी' आणि 'नाही'ची भर पडली आहे, पण ते नेमके हवे तेव्हा येत नाहीत. पाणी हवं असलं की 'नाही' येतं.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मला ओढत कॉम्प्युटरपुढे नेलं. उजव्या हाताने तो उंदीर हलेना, डाव्याने जमेना. म्हणून मी बसतो. ती शेजारच्या खुर्चीत. मी विचारतो, "काय करू? टाकू?" ती म्हणते, "बघू." मी ते बघायचं बटण दाबतो. मला खेळातलं काही कळत नाही. हरल्यावर ती माझ्या दंडाला चिमटे काढते.

म्हणजे तुझ्या सॉफ्टवेअरने बरोबर सांगितलं, फक्त रोग चुकला. तिच्या स्मृतीला नि अकलेला काही झालेलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा ती दुकानातच होती, मी तिला आता एकटी ठेवत नाही. पाकीट तिने दाताने फोडलं. बोट ठेवून ठेवून अख्खी दुपार वाचलं. 'गॅस चालू विसरते का' तिथे आली आणि हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. एका बाजूनेच हसली, पण आवाज जुनाच होता.

तुला आकड्यांची आवड आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, जी तुझ्याकडे लिहिली जाणार नाही. तू ज्या टेबलावर नसतेस तिथे ती एक डावसुद्धा बसत नाही. तुझं नाव दिसेपर्यंत आम्ही नुसते पडद्याकडे बघत असतो. तू उठलीस की ती बटण दाखवते, बंद करा.

पुढचं तू ठरव. ये असं मी म्हणत नाही, कारण तिने म्हणू नका असं खुणावलंय. पण लिहू नका असं नाही खुणावलं.

तुझा,
बाबा

---

२ मे

प्रिय आईस,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. तू वाचशील तेव्हा बाबांना हात धुवायला पाठवायची गरज पडू नये.

पोचले. प्रवासात गर्दी होती पण बसायला मिळालं. नळाने स्वागत केलं.

तिथल्या तीन आठवड्यांत तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहिते. समोरासमोर मी बोलायला लागले की तुला उत्तर द्यायची घाई होते आणि शब्द अडकला की तू चिडतेस. पत्रात ती अडचण नाही.

दार तूच उघडलंस. मी वाटभर एक वाक्य तयार केलं होतं, ते गेलं. तू तोंडाने म्हणत होतीस, "नाही, नाही, नाही," आणि डाव्या हाताने माझी बाही धरून मला आत ओढत होतीस. मागून बाबा ओरडत होते, "ती ये म्हणतेय!" ते मला कळत होतं. माझी बॅग बाहेरच राहिली. ती शेजारच्यांनी आणून दिली.

मी आजारी माणूस बघायची तयारी करून आले होते. मला वाटलं होतं, मी डॉक्टरांना भेटेन, कागद वाचेन, काय सुधारेल नि काय नाही याचा अंदाज बांधेन. ते मला जमतं. पण तू पहिल्याच संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून हाकललंस. कांदा एका हाताने धरून, सुरी न वापरता, किसणीवर किसत होतीस. मी मदतीला गेले तर कोपराने ढकललंस. मी आठ वर्षांची असताना जशी ढकलायचीस तशीच. त्या वेळी काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. बरं वाटलं, असं म्हणते.

मग ते पत्त्यांचं. बाबांनी काचा ठेवायच्या लाकडी खोबणीत तुझे पत्ते उभे करून दिले आणि आपण तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो. मी थोडे लावले. बाबा सवयीने म्हणाले, "काय करू, टाकू?" तू म्हणालीस, "बघू." आणि डाव्या हाताने पत्ते उचलून टेबलाच्या मध्ये फेकलेस.

बाबा म्हणाले, "अगं, बघू म्हणालीस ना?"

तू पुन्हा म्हणालीस, "बघू!" आणि त्यांच्या दंडाला चिमटा काढलास.

ते आधी मला कळलं. मग बाबांना. त्यांचा चेहरा तू पाहिलास. इतके दिवस तुझा हात पत्ते टाका म्हणत होता आणि तोंडातून एकच शब्द निघत होता, आणि ते इमानदारीने तोंडाचं ऐकत होते. तू शेजारी बसून आपल्या नावावर असला भिकार खेळ बघत होतीस, आणि थांबवायला तुझ्याकडे चिमट्याशिवाय काही नव्हतं. मी एवढी हसले की मला उठून बाल्कनीत जावं लागलं. हसायला म्हणून गेले होते. परत आले ते तोंड धुऊन.

त्या दिवशी आपण टेबलावर बसून जेवढे डाव खेळलो, ते सगळे मी माझ्या डोक्यात मोजत होते. सवय आहे. तू जशी होतीस तशीच आहेस. अव्वल पत्ते असतील तरच उतरतेस. मी पहिल्यांदाच तुला दमात घेतलं, आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की मीच पत्ते टाकले.

डाव्या हाताचा उंदीर बसवून दिला आहे. बटणं मोठी केली आहेत. बाबांना खेळायला बसवू नकोस, ते साइटच्या नियमात बसत नाही. एका खात्यावर एकच माणूस. शिवाय ते तुझं नाव खराब करतात. दंतवैद्यबाईंना मी सांगितलं की त्या खेळाडूच्या नावापुढचा मासा चुकीचा आहे. तिने विचारलं, कसं कळलं? म्हटलं, ओळखीची आहे. ती म्हणाली, "मग आम्हाला आधी सांगायचं ना!" बरोबर आहे तिचं.

आता अवघड गोष्ट. मी विमा कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, "लोकांच्या चुकांवर जगतेस." त्यावरून मी तुझ्याशी तीन वर्षं बोलले नाही, कारण ते खोटं नव्हतं. आजही नाही. त्या दुपारी तुझ्या नावापुढे मासा आला आणि माझ्याच विद्यार्थिनीने खुर्ची पुढे ओढली, तेव्हा ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. तरी मी हे काम सोडणार नाही असं मला वाटतं. मला ते आवडतं. मी त्यात चांगली आहे.

निघायच्या आदल्या दिवशी, वाचेच्या बाईंसमोर, तू पाच मिनिटं झगडून नवा शब्द काढलास. बाबांना वाटलं त्यांचं नाव येणार. तू म्हणालीस, "नो... नोकरी." माझ्याकडे बोट करून.

मी म्हटलं, "बघू."

तू हसलीस, म्हणून लिहिते. भांडण मिटलं असं मी धरत नाही. तुला नीट बोलता यायला लागलं की नीट भांडू. तू गप्प असताना जिंकण्यात मला रस नाही.

बाबांना सांगितलंय, मी महिन्यातून एकदा येईन. आणि एक ठरवलं आहे. तुझी दुपारची झोप झाली की मी रोज घरी फोन करणार. वाचेच्या बाई म्हणाल्या, फोनवर बोलणं सगळ्यात कठीण, कारण खुणा चालत नाहीत, म्हणूनच करा. मी माझ्या दिवसाचं सांगेन. तू काही बोललीस तर बोललीस. चुकीचा शब्द आला तरी चालेल, नुसता श्वास ऐकू आला तरी चालेल.

पण फोन बाबांना उचलायला लावू नकोस. तेवढा वेळ त्यांना दुकानात जाऊ दे. तू उठ, भिंतीला धरून ये, आणि डाव्या हाताने उचल. कितीही वेळ लागू दे. वाजून बंद झाला तर मी पुन्हा लावीन.

मी ठेवणार नाही.

तुझी,
ठकू